तोंडचं पाणी

मराठीत तोंडच्या पाण्याला फार मान आहे. पुरणपोळी दिसली की ते सुटतं आणि रिझल्टची तारीख लागली की पळतं. पण 'तोंडचं पाणी पळालं' हा नुसता वाक्प्रचार नसून खराखुरा आजार असू शकतो, आणि त्याचं मधुमेहाशी दूरचं नातं असू शकतं, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

मित्रांनो, इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात हा लाळेचा विषय कशाला, असा प्रश्न तुम्हाला पडणारच. प्लेसमेंट, गॅदरिंग, कँटीनचा वडापाव हे हमखास विषय सोडून हा गडी कुठे चालला? थोडा धीर धरा. ही गोष्ट डॉक्टरांची वाटली तरी शेवटी ती आपल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलपाशी येऊन थांबते.

डायबेटिस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात ते पहाटे बागेत झपाझप चालणारे, बिनसाखरेचा चहा पिणारे काका. तो टाइप २. टाइप १ ची जात वेगळी. तो बऱ्याचदा शाळा-कॉलेजच्या वयातच गाठतो आणि जास्त गोड खाल्ल्याने होत नाही. आपल्या स्वादुपिंडात पेशींचे छोटे छोटे पुंजके असतात, त्यांना लँगरहॅन्सची बेटं म्हणतात. त्या बेटांवरच्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. टाइप १ मध्ये आपल्याच रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या टी-पेशी या बीटा पेशींना शत्रू समजून मारत सुटतात. म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं! शेत संपलं की माणसाला जगण्यासाठी रोज बाहेरून इन्सुलिन घ्यावं लागतं.

इन्सुलिनचा शोध १९२१ चा, आणि माणसाला ते पहिल्यांदा टोचलं १९२२ मध्ये, टोरांटोला. तेव्हापासून आजवर कोट्यवधी जीव त्याने वाचवले. पण नीट विचार केला तर इन्सुलिन म्हणजे शेत उजाड झाल्यावर बाजारातून विकत आणलेलं धान्य. कुंपणाचं काय करायचं, हा प्रश्न तसाच राहतो.

कुंपणाला आवर घालायचे प्रयत्नही झाले. १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध नव्या रुग्णांना देऊन पाहिलं. काही जणांचं इन्सुलिन काही काळ सुटलंसुद्धा. पण औषध थांबवलं की आजार परत हजर, आणि चालू ठेवावं तर किडनीला धोका. एका बल्बचा फॉल्ट काढायला अख्ख्या बिल्डिंगचा मेन स्विच पाडण्यातला हा प्रकार.

मग एक सुंदर कल्पना पुढे आली. टी-पेशी ज्या प्रथिनांवर चिडतात, त्यातलाच एखादा छोटा तुकडा वेगळा काढायचा आणि इंजेक्शनने त्यांना पुन्हा पुन्हा दाखवायचा, जेणेकरून त्यांना त्याची सवय व्हावी. 'अरे, हा आपलाच आहे, याला मारू नका' अशी ओळख करून द्यायची. असा तुकडा म्हणजे पेप्टाइड, अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. मेन स्विचला हात न लावता नेमकी एकच वायर दुरुस्त करायची. इंजिनिअरच्या मनाला आवडावा असाच हा फंडा आहे.

यातलं सर्वांत गाजलेलं पेप्टाइड म्हणजे पी-२७७. पेशींवर ताण आला की हीट शॉक प्रोटीन नावाची प्रथिनं वाढतात. त्यातल्या एचएसपी-६० या प्रथिनातला ४३७ ते ४६० क्रमांकांचा, म्हणजे २४ अमिनो आम्लांचा तुकडा इस्रायलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये इरुन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना टोचला. १९९१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की या तुकड्याने उंदरांचा मधुमेह रोखता येतो. पुढे साखळीतली दोन अमिनो आम्लं बदलून तो जास्त टिकाऊ केला गेला आणि 'डायापेप२७७' या नावाने औषध म्हणून उभा राहिला.

आता हे उंदीर कोण ते पाहू, कारण लाळ इथेच येते. या जातीला एनओडी म्हणतात. जपानमधल्या शिओनोगी कंपनीच्या प्रयोगशाळेत मोतीबिंदू होणाऱ्या उंदरांची पैदास चालली होती, त्यातून आपोआप मधुमेह होणारी ही जात निघाली. १९८० मध्ये तिची माहिती प्रसिद्ध झाली. शोधायला गेले मोतीबिंदू आणि हाती लागला मधुमेह! टाइप १ च्या संशोधनातला हा सगळ्यात लाडका उंदीर. पण त्याच्या टी-पेशी फक्त स्वादुपिंडावर थांबत नाहीत. त्या लाळग्रंथींतही घुसतात. तिथेही पुंजके करून बसतात आणि हळूहळू लाळ आटते. माणसात असाच एक आजार आहे, श्योग्रेन सिंड्रोम. हेन्रिक श्योग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने १९३३ मध्ये आपल्या प्रबंधात त्याचं वर्णन केलं. त्यात डोळे कोरडे पडतात, तोंड कोरडं पडतं. माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती असते तोवर तिची किंमत कळत नाही. ती आटली की कोरडी पोळी गिळवत नाही, दात किडतात, बोलता बोलता जीभ टाळूला चिकटते.

इथे एक पेच आहे. मधुमेहात साखर फार वाढली की लघवीवाटे पाणी जातं आणि तोंडाला कोरड पडते. मग उंदराची लाळ आटली ती मधुमेहामुळे, की ग्रंथींवर वेगळा हल्ला झाला म्हणून? हे दोन्ही वेगळं कसं करायचं? शास्त्रज्ञांनी ते केलं. एनओडी उंदरांत प्रतिकारशक्तीच्या जनुकांचा एक ठरावीक भाग बदलून अशी जात तयार केली, की तिला मधुमेह होतच नाही. तरीही त्या उंदरांच्या लाळग्रंथींना सूज आली! म्हणजे दोन्ही हल्ल्यांची सर्किट्स काही अंशी स्वतंत्र आहेत. एक बंद झालं म्हणून दुसरं बंद होईलच असं नाही.

म्हणूनच मला २००८ चा एक प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या गटाने हाच ४३७ ते ४६० चा तुकडा सात आठवड्यांच्या एनओडी उंदरांना टोचला आणि त्यांच्या लाळग्रंथी तपासल्या. ग्रंथींतली सूज कमी झाली आणि काही उंदरांची लाळ नेहमीसारखी टिकली. लक्षात घ्या, काही उंदरांची. सगळ्यांची नाही. मधुमेहासाठी शोधलेला तुकडा लाळग्रंथींपर्यंत पोचतो, पण सगळीकडे सारखाच पोचत नाही.

याची उलट बाजूही आहे. इन्सुलिनच्याच साखळीतला ९ ते २३ क्रमांकांचा तुकडा उंदरांचा मधुमेह रोखतो म्हणून प्रसिद्ध होता. २००२ मध्ये दिसलं की तोच तुकडा पुन्हा पुन्हा टोचला तर काही एनओडी उंदरांना अॅनाफायलॅक्सिस, म्हणजे तीव्र अॅलर्जीचा झटका येऊन ते मरतात. 'नेमकी एकच वायर' म्हणून हात घालावा आणि शॉक भलतीकडेच बसावा, तशातला प्रकार.

यावरून माझं पहिलं म्हणणं. आपल्याकडे एखादी गोष्ट दुरुस्त झाली की नाही, हे आपण फक्त त्याच गोष्टीकडे बघून ठरवतो. साखर उतरली? झालं तर मग! पण शरीर काय, बॉयलर काय किंवा एखाद्या शहराची पाणीपुरवठा योजना काय, सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. एका ठिकाणचा व्हॉल्व्ह फिरवला की दुसऱ्या टोकाला काय झालं हे मोजलंच पाहिजे. टाइप १ असलेल्यांना थायरॉइडचे आणि सिलिअॅकसारखे इतर ऑटोइम्यून आजारही इतरांपेक्षा जास्त होतात. मग प्रतिकारशक्तीलाच हात घालणाऱ्या औषधाच्या चाचणीत लाळ का मोजू नये? त्याला काही कोटींची मशिन लागत नाही. एक कप, एक वजनकाटा आणि एक घड्याळ. काही न चघळता पंधरा मिनिटं कपात थुंकायचं आणि वजन करायचं. दीड मिलिलिटर किंवा त्याहून कमी लाळ भरली तर गडबड आहे असं समजतात. आपल्या फर्स्ट इयरच्या लॅबमध्येसुद्धा होईल एवढं सोपं माप आहे हे.

आता गोष्टीचा दुसरा भाग, आणि तो दुःखाचा आहे.

२००१ मध्ये 'लॅन्सेट' या नामवंत नियतकालिकात डायापेप२७७ ची माणसांवरची पहिली मोठी बातमी आली. रुग्ण फक्त ३५. पण दहा महिन्यांनंतर औषध घेतलेल्यांचं सी-पेप्टाइड टिकून होतं आणि औषध न मिळालेल्यांचं घसरलं होतं. हे सी-पेप्टाइड म्हणजे औषध नव्हे, ते एक माप आहे. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा प्रत्येक इन्सुलिनमागे एक सी-पेप्टाइड सुटतं. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. त्यामुळे रक्तातलं सी-पेप्टाइड मोजलं की घरचं उत्पादन किती हे कळतं. किती हुशारीचं माप आहे बघा! पण पुढे मुलांवर झालेल्या एका छोट्या चाचणीत तसा फायदा दिसला नाही. मग मोठी चाचणी झाली. १६ ते ४५ वयाचे ४५७ रुग्ण, दोन वर्षं, दर तीन महिन्यांनी इंजेक्शन. २०१४ मध्ये 'डायबेटिस केअर' या नियतकालिकात तिचा निष्कर्ष आला. सी-पेप्टाइड दोन पद्धतींनी मोजलं होतं. ग्लुकागॉन टोचून मोजलं तेव्हा औषधाचा फायदा दिसला. ठरावीक जेवण देऊन मोजलं तेव्हा दिसला नाही.

म्हणजे एकाच गोष्टीवर दोन मीटर लावले आणि दोन्ही वेगळं सांगू लागले. इंजिनिअरने इथेच थांबायला हवं. दोन मीटर जुळत नाहीत, हीच त्या प्रयोगातली सगळ्यात मोलाची माहिती असते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बॉम्ब फुटला. औषध बनवणारी अँड्रोमेडा ही कंपनी नुकतीच विकत घेतलेल्या हायपेरियन या अमेरिकन कंपनीने स्वतःच जाहीर केलं की अँड्रोमेडाच्या काही कर्मचाऱ्यांनी, आकडेवारीचं काम करणाऱ्या बाहेरच्या संस्थेशी संगनमत करून, चाचणीचा झाकलेला डेटा गैरमार्गाने आधीच मिळवला आणि निकाल अनुकूल यावा म्हणून विश्लेषणात फेरफार केले. औषधाचा विकास थांबला. तो पेपर नंतर मागे घेण्यात आला.

अशा चाचणीत कुणाला खरं औषध मिळालं आणि कुणाला खोटं, हे विश्लेषणाची पद्धत पक्की होईपर्यंत कुणालाच कळू द्यायचं नसतं. आपल्याकडे म्हणतात ना, झाकली मूठ सव्वा लाखाची. इथे ते अक्षरशः खरं आहे. मूठ वेळेआधी उघडली की आतल्या सव्वा लाखाची कवडी होते. कारण उत्तर आधी माहीत असलं की त्या उत्तराकडे नेणारं गणित कुणालाही मांडता येतं.

मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? ते औषध वाईट होतं असंही आता म्हणता येत नाही. ते थोडंफार चांगलं असेलही. पण त्या ४५७ जणांनी दोन वर्षं दंड पुढे करून जी माहिती दिली, तिच्यावरचा विश्वासच उडाला. माझ्या ओळखीतला एक मुलगा आठवीपासून इन्सुलिन घेतोय. जेवणाआधी पोटाला सुई लावणं त्याच्या इतकं अंगवळणी पडलंय की बोलता बोलता उरकतो. 'मधुमेहावर कायमचा इलाज सापडला, उंदरांवर प्रयोग यशस्वी' असा मेसेज त्याला कुणी ना कुणी दर दोन महिन्यांनी पाठवतंच. तो हसतो आणि म्हणतो, "उंदरांचा डायबेटिस कधीच बरा झालाय रे, आपला नंबर कधी लागतोय ते विचार." त्याचं म्हणणं खोटं नाही. एनओडी उंदरांचा मधुमेह रोखणारे शंभराहून जास्त उपाय आजवर सापडलेत. पण ते उंदीर एका साच्यातून काढल्यासारखे सारखे असतात, आणि त्यांना औषध बहुतेक वेळा आजार होण्याआधीच दिलेलं असतं. माणूस डॉक्टरकडे पोचतो तोवर बरंचसं शेत खाऊन झालेलं असतं.

म्हणून उंदीर निरुपयोगी आहेत असं मुळीच नाही. १९९४ मध्ये एनओडी उंदरांवर सीडी-३ विरोधी अँटिबॉडीचा प्रयोग यशस्वी झाला. त्याच जातीचं टेप्लिझुमॅब हे औषध ७६ जणांवरच्या चाचणीत टाइप १ सुमारे दोन वर्षं लांबवू शकलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. ते पेप्टाइड नाही, आणि कायमचा इलाजही नाही. पण उंदरापासून माणसापर्यंतचा हा रस्ता २८ वर्षांचा होता, आणि तो एकेक खरं रीडिंग घेत पार केला गेला. शॉर्टकट नव्हता.

आता आपल्या जर्नलपाशी येऊ.

व्हेंच्युरीमीटरचा प्रयोग. पुस्तकात सीडीची किंमत ०.९८ च्या आसपास. लॅबमधला पाइप गंजलेला, मॅनोमीटरमध्ये हवेचे बुडबुडे, उत्तर येतं ०.८ च्या खाली. मग काय होतं हे मी तुम्हाला सांगायला हवं का? मागच्या बॅचची फाइल येते. ग्राफपेपरवर आधी रेषा काढली जाते आणि मग तिच्या आजूबाजूला, थोडे वर थोडे खाली, नैसर्गिक दिसतील असे ठिपके दिले जातात. सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलच्या कुठल्याही खोलीत हे दृश्य बघायला मिळतं.

यावर नेहमीचं उत्तर असतं, "अरे यार, व्हेंच्युरीमीटरने कोण मरतंय?" बरोबर. कुणी मरत नाही. आणि टर्मवर्कसाठी ठिपके मारणारा पोरगा आणि रुग्णांच्या डेटाशी खेळणारा माणूस यांना मी एका तराजूत तोलत नाही. पण उत्तर आधी आणि रीडिंग नंतर, ही सवय एकच आहे. आपल्यातलेच काही जण उद्या मेडिकल इन्स्ट्रुमेंट्स बनवतील, क्लिनिकल ट्रायलचा डेटाबेस सांभाळतील, आकडेवारीचं सॉफ्टवेअर लिहितील. त्या दिवशी त्यांच्या हातात कुणाची तरी झाकली मूठ असेल. चार वर्षं ज्याला न जुळणारं रीडिंग खोडायचीच सवय लागली, त्याने त्या दिवशी ते जपून ठेवावं अशी अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

आणि दोष फक्त पोरांचा नाही, हेही स्पष्ट लिहितो. उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही तर मार्क कापायचे आणि जुळलं तर सही ठोकायची, अशी पद्धत असेल तर पोरं ठिपके मारणारच. कंपनीला नफा हवा, आपल्याला टर्मवर्क हवं. दोन्हीकडे बक्षीस उत्तराला आहे, मोजण्याला नाही.

तेव्हा माझ्या तीन साध्या सूचना आहेत. एक, रीडिंग पेनने, त्याच वेळी, लॅबमध्येच लिहायची आणि सरांची किंवा मॅडमची सही तिथल्या तिथे त्या कच्च्या कागदावर घ्यायची. उत्तरावर नको. दोन, उत्तर चुकलं तर 'का चुकलं असेल' यावर अर्धं पान लिहायचं आणि मार्क त्या अर्ध्या पानाला द्यायचे. पाइप गंजलाय हे ज्याने शोधलं, तो ०.९८ लिहिणाऱ्यापेक्षा मोठा इंजिनिअर आहे! तीन, फायनल इयरच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये एक पान सक्तीचं करायचं: आम्ही जे सुधारायला गेलो त्याव्यतिरिक्त आणखी काय बदललं? मायलेज वाढलं, पण इंजिन किती तापलं? अॅप फास्ट झालं, पण बॅटरी किती खाल्ली? थोडक्यात, तुमच्या प्रोजेक्टची लाळग्रंथी कुठली, आणि ती तुम्ही तपासली का?

यासाठी विद्यापीठाचा सिलॅबस बदलायची वाट बघावी लागत नाही. एका बॅचने आणि एका शिक्षकाने ठरवलं तरी पुरे. एक्स्टर्नलला सुरुवातीला थोडं विचित्र वाटेल, एखाद-दुसरा मार्क जाईलही. पण ०.७६ आलं असेल तर जर्नलमध्ये ०.७६ च लिहा. व्हायव्हाला त्याचं कारण विचारलं तर सांगायला तुमच्याकडे काहीतरी खरं असेल, आणि तेव्हा तोंडचं पाणी पळणार नाही.